मॉरिशसमध्ये प्रत्येक गोष्टीला विचारा: तू कुठल्या जहाजानं आलीस?

प्रश्न थोडक्यात असा आहे: गणपतीच्या सुमारास कुटुंबासह मॉरिशसला जायचं ठरलंय. समुद्रकिनारे आणि डोडो यापलीकडे या देशाचा इतिहास, संस्कृती आणि वन्यजीवन यात जाणून घेण्यासारखं काय आहे, आणि ते नेमकं कुठं, कसं पाहायला मिळेल?

आधी एक गोष्ट पक्की ध्यानात घ्या, म्हणजे बाकीचं आपोआप उलगडत जाईल. मॉरिशसला मूळ रहिवासी असे कुणीच नाहीत. डच सप्टेंबर १५९८ मध्ये उतरले तेव्हा बेटावर एकही माणूस राहत नव्हता. अरब खलाशांना बेट ठाऊक होतं, पोर्तुगीज येऊन गेले होते, पण वस्ती कुणी केली नव्हती. जमिनीवर राहणारे मूळचे सस्तन प्राणीही नव्हते, अपवाद फक्त वटवाघळांचा, कारण ती उडत आली. समुद्रातल्या ज्वालामुखीतून सुमारे ८० लाख वर्षांपूर्वी वर आलेला हा तुकडा कधीच कुठल्या खंडाला जोडलेला नव्हता. म्हणून तिथं जे काही दिसेल, मग तो ऊस असो, माकड असो, साळुंकी असो, सेगा या तिथल्या नाचगाण्याचा ढोल असो की गणपती, त्याला एकच प्रश्न विचारायचा: हे कुठल्या जहाजानं आलं, आणि आल्यावर काय झालं? मॉरिशसचा इतिहास आणि निसर्ग ही दोन वेगळी प्रकरणं नाहीत, ते या एकाच प्रश्नामुळे कळतं.

डचांनी बेटाला आपल्या राजपुत्र मॉरिसचं नाव दिलं, १६३८ मध्ये वस्ती केली, आबनुसाची झाडं तोडून नेली आणि १७१० मध्ये कायमचे निघून गेले. जाताना मागं काय ठेवलं ते पाहा. जावाहून १६३९ मध्ये आणलेला ऊस आणि तिथलीच हरणं. शिवाय डुकरं, शेळ्या, माकडं आणि उंदीर. उंदीर तर कुणी मुद्दाम आणलेही नव्हते, जहाजातून आपसूक उतरले. डोडो या सगळ्यांच्या तावडीत सापडला. हा कबुतराच्या कुळातला, उडता न येणारा, साधारण तीन फूट उंचीचा पक्षी जमिनीवर घरटं करायचा. माणसांनी खाऊन खाऊन डोडो संपवला ही समजूत अर्धवट आहे. मोठ्या पक्ष्यांची शिकार झाली हे खरं, पण उघड्यावरची अंडी उंदरांनी, डुकरांनी आणि माकडांनी फस्त केली, तिथं वंश खुंटला. सर्वसाधारणपणे मान्य असलेली शेवटची नोंद १६६२ ची. म्हणजे डच आल्यापासून पुरी ६४ वर्षं.

इथं आपल्याकडचा एक धागा सांगायलाच हवा. जिवंत डोडो भारतात आला होता. पीटर मंडी या इंग्रज प्रवाशानं सुरतेत दोन डोडो पाहिल्याचं लिहून ठेवलंय. आणि जहांगिराच्या दरबारातला चित्रकार उस्ताद मन्सूर याच्या नावावर असलेलं १६२५ च्या सुमाराचं डोडोचं चित्र आज सेंट पीटर्सबर्गमध्ये आहे. युरोपात नंतर रंगवलेले डोडो लठ्ठ आणि बेढब दिसतात. मन्सूरचा डोडो सडसडीत आहे, उभा आहे, त्याच्या पिसांचे थर मोजता येतात. डोडो खरोखर कसा दिसत होता हे ठरवताना अभ्यासक या चित्राकडे पुन्हा पुन्हा येतात. पोर्ट लुईच्या नैसर्गिक इतिहास संग्रहालयात डोडोचा सांगाडा आहे. हा एकाच पक्ष्याचा, जवळपास संपूर्ण सांगाडा असल्यामुळे दुर्मीळ आहे. इतर ठिकाणचे बहुतेक सांगाडे ‘मार ओ सोंज’ या दलदलीत मिळालेली वेगवेगळ्या पक्ष्यांची हाडं जोडून उभे केलेले आहेत. पोर्ट लुईला गेलात तर हा पाहायचा चुकवू नका.

फ्रेंच १७१५ मध्ये आले. गव्हर्नर माहे द ला बुर्दोने यानं पोर्ट लुई बंदर उभं केलं. ऑगस्ट १८१० मध्ये ग्रां पोर्टच्या आरमारी लढाईत फ्रेंचांनी इंग्रजांना हरवलं. पॅरिसच्या विजयकमानीवर या लढाईचं नाव कोरलेलं आहे. पण त्याच वर्षी डिसेंबरात इंग्रजांनी बेट घेतलंच. तहात मात्र एक कलम होतं: रहिवाशांची भाषा, कायदे, धर्म आणि चालीरीती तशाच राहतील. आज रस्त्यावर लोक क्रिओल ही फ्रेंचमधून घडलेली बोली बोलतात, वर्तमानपत्र फ्रेंचमध्ये वाचतात, संसदेचं कामकाज इंग्रजीत चालतं आणि गाड्या डावीकडून धावतात, ही सगळी सरमिसळ त्या कलमातून आणि इंग्रजी अमलातून निघालेली आहे. ‘कि मानिएर?’ म्हणजे कसं काय, आणि उत्तर ‘कोरेक’, म्हणजे ठीक. एवढी दोन वाक्यं आली तरी भाजीवाला हसून बोलतो.

गुलामगिरी १ फेब्रुवारी १८३५ रोजी संपली, त्या दिवशी आजही सार्वजनिक सुट्टी असते. ऊसमळ्यांना मजूर हवे होते. २ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘ॲटलस’ नावाचं जहाज कलकत्त्याहून ३६ मजूर घेऊन आलं होतंच. मळेवाल्यांना ‘करारावरचे मजूर’ ही कल्पना तिथं पटली आणि मग ती फिजीपासून कॅरिबियनपर्यंत पसरली. पोर्ट लुईतला आप्रवासी घाट हे त्याचं दार. १८४९ पासून इथं मजूर उतरवून घेण्याचा डेपो होता. मॉरिशसच्या मळ्यांसाठी किंवा तिथून पुढं दुसरीकडे जाण्यासाठी १८३४ ते १९२० या काळात जवळपास पाच लाख भारतीय मजूर इथं पोचले. २००६ मध्ये घाट जागतिक वारसा यादीत गेला. डेपोची मूळ जागा आता अर्धीही उरलेली नाही, मधून हमरस्ता गेलाय. पण दगडी १६ पायऱ्या आहेत. बोटीतून उतरलेला माणूस त्या पायऱ्या चढून नोंदणीच्या टेबलाशी जायचा. शेजारचं माहितीकेंद्र आधी पाहा आणि पायऱ्यांवर नंतर या. उलट केलंत तर हाती फक्त दगड लागतात. तिथं तासभर पुरतो. शनिवारी दुपारच्या आत जा, रविवारचा बेत करू नका.

करार पाच वर्षांचा, पुरुषाला महिना पाच रुपयांच्या आसपास पगार, वर तांदूळ, डाळ, तेल, मीठ असा शिधा. कागदावर हे बरं दिसतं. खरी मेख होती ‘डबल कट’मध्ये: एक दिवस गैरहजर राहिलं की दोन दिवसांचा पगार कापायचा. आजारी माणूस महिन्याअखेरीस कर्जात जायचा आणि करार संपला तरी मळा सुटायचा नाही. त्यातून सुटून लोकांनी तुकड्या-तुकड्यानं जमिनी घेतल्या, मुलं शिकवली आणि १२ मार्च १९६८ ला देश स्वतंत्र झाला तेव्हा शिवसागर रामगुलाम पहिले पंतप्रधान झाले. १९९२ मध्ये प्रजासत्ताकासाठीही १२ मार्चच निवडला. गांधीजींची दांडीयात्रा याच तारखेला निघाली होती. गांधीजी १९०१ मध्ये दक्षिण आफ्रिकेतून परतताना मॉरिशसला थांबले होते आणि पुढं मणिलाल डॉक्टर या वकिलांना त्यांनीच तिकडं जायला सांगितलं.

मजूर तीन बंदरांतून गेले: सर्वाधिक कलकत्त्याहून, मग मद्रासहून, आणि सर्वात लहान वाटा मुंबईचा. त्या लहान वाट्यात कोकणातली, विशेषतः रत्नागिरीकडची माणसं बरीच होती. मोका गावातल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये आगमनाच्या नोंदवह्या जपून ठेवल्यात: मजुराचा क्रमांक, जहाज, वर्ष, वडिलांचं नाव, जात, गाव, जिल्हा, आणि १८६० च्या दशकापासून पुढच्या अनेकांचे फोटोसुद्धा. ओळखीच्या मॉरिशियन कुटुंबाला कोकणातलं मूळ गाव शोधायचं असेल तर आडनावावरून सुरुवात करू नका. कारकुनानं कानाला जसं ऐकू आलं तसं लिहिलं आणि बहुतेकदा माणसाचं किंवा त्याच्या बापाचं नाव पुढच्या पिढीचं आडनाव होऊन बसलं. लक्ष्मणाचा ‘लक्सिमन’ असाच झाला. आजा-पणजाचा क्रमांक जुन्या जन्म किंवा लग्नाच्या दाखल्यावर सापडतो, तो घेऊन जा. गावाचं स्पेलिंग कळलं नाही तर मोठ्यानं वाचा. ‘रुटनाघेरी’ डोळ्यांना परकं वाटतं, कानाला लगेच कळतं. तालुक्यांच्या हद्दी नंतर बदलल्यात, तेव्हा एकाच नावाची तीनचार गावं निघतील हेही धरून चाला.

गुलाम म्हणून आलेल्या आफ्रिकी आणि मादागास्करी लोकांच्या वाट्याला अशा नोंदवह्या फारशा आल्या नाहीत. त्यांचा दस्तऐवज म्हणजे ल मोर्न हा डोंगर आणि सेगा. ल मोर्न ५५६ मीटर उंच, नैऋत्य टोकाला समुद्रातून सरळ उठलेला. मळ्यांवरून पळालेले गुलाम त्याच्या कपारींत लपून राहत. २००८ पासून तो जागतिक वारसा आहे. चढायचा असेल तर जाऊन-येऊन साधारण सात किलोमीटर, साडेतीन ते चार तास. पहिला अर्धा रस्ता रुंद आणि सोपा, तिथंच मुलं दमून जातात कारण सावली नाही. वरचा टप्पा हातपाय टेकून चढण्याचा आहे आणि वाट वर उभ्या असलेल्या क्रुसापर्यंतच जाते, अगदी माथ्यापर्यंत नाही. पाऊस पडून गेला असेल तर वरचा टप्पा सोडून द्या. ओला बेसाल्ट साबणासारखा निसटतो आणि अपघात चढताना नाही, उतरताना होतात.

सेगा हॉटेलात दिसतो तो रंगीत घागऱ्यांचा. खरा ‘सेगा तिपिक’ रावान या ढोलावर उभा आहे. लाकडी कड्यावर ताणलेलं बकरीचं कातडं, आपल्या डफासारखं पण बरंच मोठं. हवेतल्या ओलाव्यानं कातडं ढिलं पडतं, म्हणून वाजवण्याआधी ते आगीपाशी धरून फिरवतात. एका जागी धरलं तर कातडं करपतं. बोट आपटल्यावर आवाज ‘थप्प’ न येता ‘टण्ण’ आला की तो तयार. सोबत बिया भरलेला चपटा खुळखुळा म्हणजे मारावान आणि एक त्रिकोणी टाळ. नाचताना पाय जमिनीवरून फारसे उचलत नाहीत, घसटत नेतात. २०१४ मध्ये सेगा आणि २०१६ मध्ये भोजपुरी लग्नातलं गीत-गवाई युनेस्कोच्या यादीत गेलं. एका एवढ्याशा बेटाच्या दोन बाजू अशा शेजारी शेजारी नोंदल्या गेल्या, याचं मोल मोठं आहे.

खाण्याबद्दल एकच: ढोल पुरी. बिहारची दालपुरी, आपल्या पुरणपोळीची बिनगुळाची बहीण. चणाडाळ हळद घालून शिजवतात, पण दाणा दोन बोटांत दाबला की मोडेल, पिठासारखा होणार नाही, इतपतच. मग निथळून कोरडी वाटतात आणि त्याच डाळीच्या पाण्यात मैदा भिजवतात. डाळ जास्त शिजली की सारण ओलं होतं आणि लाटताना पोळी फाटते, पुरणाचा अनुभव असलेल्यांना वेगळं सांगायला नको. विकतात जोडीनं. आत पावट्यासारख्या मोठ्या दाण्यांची आमटी, टोमॅटोचं रुगाय आणि मिरचीचं वाटण असतं. ‘पिमा’ म्हणजे मिरची, ती आधी कमी मागा.

आता वन्यजीवन, आणि इथं जरा सावकाश जाऊ, कारण जगात फार थोड्या ठिकाणी झालंय असं काम इथं झालंय.

पहिल्या दिवशी हॉटेलच्या बागेत तुम्हाला साळुंकी, शिपाई बुलबुल, चिमण्या दिसतील आणि वाटेल, हे तर घरचंच आहे. खरोखरच घरचं आहे. साळुंकी १७६० च्या दशकात टोळ खाण्यासाठी भारतातून नेली, बुलबुल १८९२ मध्ये गेला, मुंगूस १९०० च्या सुमारास उंदरांसाठी. मुंगसानं उंदरांबरोबर पक्षीही खाल्ले. मूळचे पक्षी पाहायला आत, दक्षिण-पश्चिमेच्या ब्लॅक रिव्हर गॉर्जेस राष्ट्रीय उद्यानात जावं लागतं. ते १९९४ मध्ये झालं, सुमारे ६,५७४ हेक्टरचं आहे. चांगलं मूळ जंगल आज देशाच्या दोन टक्क्यांहूनही कमी उरलंय. उद्यानातसुद्धा मोठा भाग चिनी पेरूनं व्यापलाय. त्याची छोटी लाल फळं माणसं आणि माकडं आवडीनं खातात आणि बिया सर्वत्र पसरवतात. या पेरूच्या दाटीत खाली मूळ झाडाचं रोप उगवतच नाही. म्हणून काही तुकड्यांना कुंपण घालून हातानं तण उपटतात, आणि हे एकदा करून भागत नाही, फिरून फिरून करावं लागतं.

मॉरिशस खरूचीची गोष्ट इथली. खरूची म्हणजे आपल्याकडे हिवाळ्यात माळावर घिरट्या घालणाऱ्या छोट्या शिकारी पक्ष्याची चुलत बहीण. पण ही जंगलातली, म्हणून पंख आखूड आणि गोलसर, फांद्यांतून वळण घेत हिरव्या पाली पकडणारी. फ्रेंच वसाहतवाले तिला ‘कोंबडीखाऊ’ म्हणत आणि दिसली की गोळी घालत. मग मलेरियासाठी डीडीटी फवारलं गेलं. १९७४ मध्ये रानात फक्त चार पक्षी असल्याची नोंद होती. कार्ल जोन्स हे जीवशास्त्रज्ञ १९७९ मध्ये तिथं पोचले, तेव्हा तिला वाचवण्याचा प्रकल्प बंद करण्याचीच भाषा चालू होती.

त्यांनी केलं ते असं. मादी कड्याच्या कपारीत साधारण तीन अंडी घालते. अंडी लवकर गेली तर ती पुन्हा घालते. म्हणून पहिली खेप काढून घ्यायची, उबवणी-यंत्रात ठेवायची आणि दुसरी खेप तिला उबवू द्यायची. एका जोडीकडून एका हंगामात दुप्पट पिल्लं मिळतात. पण मादी अशक्त असेल तर दुसरी खेप येतच नाही, म्हणून रानातल्या जोड्यांना आधीपासून पांढरे उंदीर खाऊ घालायचे. पिल्लं मोठी झाली की एकदम सोडून द्यायची नाहीत. रानातल्या पेटीत ठेवायची, उडू लागली तरी खाणं त्याच जागी ठेवायचं, शिकार जमेपर्यंत. पक्षी शेकड्यांवर गेले आणि मोठी मोहीम थांबली. त्यानंतर संख्या पुन्हा उतरली आणि २०१४ मध्ये प्रजाती परत ‘धोक्यात’ या वर्गात गेली. पिल्लं वाढवणं जमलं, पण त्यांना राहायला जंगल तेवढंच राहिलं. गुलाबी कबूतर १९९० च्या आसपास रानात दहाएक उरलं होतं, आता पाचशेच्या घरात आहे. इको पोपटही वीसच्या आतून कित्येक शेकड्यांवर गेला. दोघांनाही आजही खाद्यपेट्या, घरटी-पेट्या आणि उंदीर-मांजरांचे सापळे लागतात. पेत्रँ या ठिकाणाहून सकाळी लवकर आत शिरलात तर गुलाबी कबूतर दिसण्याची बरी शक्यता असते. माकडांना खायला देऊ नका, तीच घरटी लुटतात.

एकच ठिकाण निवडायचं झालं तर मी इल ओ एग्रेत सांगेन. माहेबूरजवळचं २६ हेक्टरचं प्रवाळखडकाचं बेट, १९६५ पासून राखीव. तिथं मॉरिशियन वाइल्डलाइफ फाउंडेशनच्या माणसासोबतच जाता येतं, आगाऊ नोंदणी करून. फेरी दीड-दोन तासांची, डासांचं मलम न्या. तिथं सेशेल्समधल्या अल्दाब्रा बेटाची मोठी कासवं फिरतात, कारण मॉरिशसची स्वतःची कासवं खलाशांनी संपवली. ही केवळ शोभा नाही. कासवाच्या पोटातून गेलेलं आबनुसाचं बी अधिक चांगलं रुजतं आणि आईच्या झाडापासून दूर पडतं. वाटाड्याला सांगून एखाद्या मूळ झाडाचं रोप आणि मोठं झाड शेजारी शेजारी पाहा. रोपाची पानं अरुंद, लालसर शिरांची, आणि कासवाची मान पोचणार नाही इतक्या उंचीवर गेल्यावर तीच पानं रुंद, हिरवी होतात. कासवं गेली, पण झाडं अजून त्यांच्यापासून जपून वाढतात. याच बेटाजवळ २५ जुलै २०२० रोजी ‘वाकाशियो’ जहाज रुतलं आणि ऑगस्टात तेल सांडलं. तेव्हा लोकांनी उसाचं पाचट कापडात भरून लांबलचक वाती शिवल्या आणि लगूनमध्ये, म्हणजे प्रवाळभिंतीआतल्या उथळ पाण्यात, आडव्या टाकल्या.

एक प्रसिद्ध गोष्ट मात्र खरी मानू नका: डोडो गेल्यामुळे तांबालाकोक झाडाच्या बिया रुजेनाशा झाल्या आणि तेराच झाडं उरली. १९७७ मध्ये मांडलेला हा तर्क नंतर टिकला नाही. त्यापेक्षा तरुण झाडं सापडली आणि बिया डोडोशिवायही रुजतात. खरंखुरं एकटं झाड पाहायचं तर क्युरपीपच्या वनस्पती उद्यानात जा. तिथल्या कुंपणातला हायोफोर्ब अमॅरिकॉलिस हा ताडवर्गी वृक्ष त्याच्या जातीतला शेवटचा आहे. नर आणि मादी फुलं वेगवेगळ्या वेळी उमलतात, त्यामुळे आपसूक बी धरत नाही.

सप्टेंबरात तिथं हिवाळा सरत आलेला असतो. किनारा उबदार, पण क्युरपीपसारख्या उंचावरच्या भागात संध्याकाळी स्वेटर लागतो. समुद्रात नेहमी रबरी बूट घालून उतरा, लगूनच्या तळाशी काटेरी सी अर्चिन आणि दगडासारखा दिसणारा विषारी स्टोनफिश असतो. प्रवाळभिंतीला जिथं खिंड आहे तिथं पाणी बाहेर ओढतं, तिथं पोहू नका.

आणि गणपती. मॉरिशसमध्ये गणेश चतुर्थीची सार्वजनिक सुट्टी असते, पण साधारणपणे ती चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी, विसर्जनाच्या दिवशी येते. आपल्या कॅलेंडरवरून तारीख धरली तर विसर्जन हुकतं, त्या वर्षीची तिथली सुट्ट्यांची यादीच पाहा. मिरवणूक समुद्राला किंवा नदीला जाते. तिथं ‘झाकरी’ म्हणून जो नाच दिसेल तो कोकणातला जाखडी, मधे वादक आणि भोवती फेर धरलेला. शब्द नीट ऐका. काही ओळी मराठी असतात, पण उच्चार क्रिओल वळणाचे. जुने शब्द तोंडपाठ आहेत, बोलीभाषा मात्र घरात क्रिओल झालीय. म्हणून म्हाताऱ्या माणसांशी भरभर मराठी बोलू नका, सावकाश बोला, आणि गाव कुठलं असं विचारण्याआधी जहाज कुठलं असं विचारा. पुष्कळांना ते घरात ऐकून माहीत असतं.